टॉय स्टोरी २: एकच गोष्ट, दोनदा बनवलेली

१९९८ संपत आलं तेव्हा पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओच्या हातात 'टॉय स्टोरी २' बऱ्यापैकी आकाराला आलेला होता. प्रदर्शन ठरलं होतं नोव्हेंबर १९९९ मध्ये. चित्रपटाचं वितरण करणाऱ्या डिस्नेच्या अधिकाऱ्यांच्या मते चित्रपट ठीक होता, निदान चालून जाण्याइतका. जाहिराती, खेळणी, थिएटरं या सगळ्यांची गणितं त्या तारखेवर बेतलेली होती. अशा वेळी पिक्सारने ठरवलं, की हा चित्रपट असा बाहेर जाऊ द्यायचा नाही, जवळजवळ नव्याने करायचा. काम पुरं करायला हातात उरले होते साधारण नऊ महिने. एरवी असं काम काही वर्षं चालतं.

ॲनिमेशनच्या जगात हे प्रकरण इतक्यांदा सांगितलं गेलंय, की त्याची दंतकथा झाली आहे. ध्येयवेडे कलाकार, अशक्य मुदत, शेवटी विजय. मला त्यातला हा भाग सर्वांत कमी कामाचा वाटतो. खरी गंमत अशी, की नाकारलेल्या आणि पडद्यावर आलेल्या आवृत्तीचं मूळ कथानक जवळपास एकच आहे. वुडी, म्हणजे अँडी नावाच्या मुलाचा काउबॉय बाहुला, चोरीला जातो, आपण कधीकाळी गाजलेलं आणि आता दुर्मीळ झालेलं खेळणं आहोत हे त्याला कळतं, संग्रहालयात जायचं की अँडीकडे परतायचं हा पेच पडतो, आणि इकडे बझ हा अंतराळवीर बाहुला बाकीच्या खेळण्यांना घेऊन त्याला सोडवायला निघतो. हा सांगाडा आधीही होता. तरीही एक आवृत्ती टाकून द्यायच्या लायकीची ठरली आणि दुसरी आजही उत्तम सीक्वेलच्या यादीत वर असते. लहानांनी आणि मोठ्यांनी एकत्र बसून पाहायचा सीक्वेल कशाने उभा राहतो, हे तपासायला याहून चांगलं प्रकरण मिळणं कठीण आहे.

कॅसेटचा धंदा

मुळात हा चित्रपट थिएटरसाठी नव्हताच. त्याची पार्श्वभूमी थोडक्यात सांगायला हवी, कारण पुढचा घोळ तिथूनच सुरू होतो.

डिस्नेने १९९० मध्ये 'द रेस्क्युअर्स डाउन अंडर' हा आपल्या एका ॲनिमेशनपटाचा सीक्वेल थिएटरात आणला. नाताळच्या आधीचा मोसम असूनही त्याला अपेक्षित गल्ला जमवता आला नाही. मग १९९४ मध्ये 'अलादीन'चा पुढचा भाग, 'द रिटर्न ऑफ जाफर', थेट व्हिडिओ कॅसेटवर आला. खर्च मूळ चित्रपटाच्या मानाने किरकोळ, काम टीव्ही मालिकेच्या दर्जाचं, जिनीला रॉबिन विल्यम्सचा आवाजसुद्धा नाही, तो दुसऱ्याच कलाकाराने दिलेला. तरी कॅसेट एक कोटीहून जास्त खपल्या. हिशेब सरळ होता. मुलांना ओळखीचं पात्र हवं असतं, आईवडिलांना तासभर उसंत हवी असते, आणि कॅसेट घरी आली की तीच ती पन्नास वेळा पाहिली जाते. सीक्वेल म्हणजे पाट्या टाकून पैसे काढायची वस्तू, असा समज त्या काळी पक्का झाला तो उगाच नव्हे.

'टॉय स्टोरी' नोव्हेंबर १९९५ मध्ये आला होता. पूर्ण लांबीचा, सगळाच्या सगळा संगणकावर केलेला तो पहिला ॲनिमेशनपट. अमेरिकेत त्याने सुमारे १९ कोटी डॉलर कमावले. त्याचा पुढचा भाग कॅसेटवर काढावा हे डिस्नेच्या तेव्हाच्या पद्धतीला धरूनच होतं. पिक्सारची अनुभवी माणसं, म्हणजे जॉन लॅसेटर, अँड्र्यू स्टँटन वगैरे मंडळी, 'अ बग्ज लाइफ'मध्ये गुंतलेली होती. म्हणून सीक्वेल नव्या चमूकडे गेला आणि दिग्दर्शन ॲश ब्रॅननकडे आलं.

इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. एकाच छताखाली दोन मोजमापं तयार झाली. इकडे थिएटरचा चित्रपट, तिकडे कॅसेटचा. इकडे स्टुडिओतले मुरलेले लोक, तिकडे नवे. पिक्सारचे सहसंस्थापक एड कॅटमल यांनी पुढे सविस्तर लिहिलंय, की आपल्याकडे दुय्यम दर्जाचं काम मुद्दाम ठरवून होतंय ही जाणीवच सगळ्यांना खुपत होती. शिवाय संगणकावर स्वस्तात काम उरकण्याची कल्पनाही फसवी निघाली. पात्रं, पोत, प्रकाश यांवर घ्यायची मेहनत कॅसेटसाठीही फारशी कमी होत नाही. फेब्रुवारी १९९८ मध्ये जाहीर झालं, की चित्रपट थिएटरात येणार. म्हणजे लांबी वाढवायची होती, दर्जा वाढवायचा होता, आणि गोष्ट मात्र तासाभराच्या कॅसेटच्या बेताची होती.

पुसलेल्या फायलींची गोष्ट

या चित्रपटाचं नाव काढलं, की कुणीतरी ती गोष्ट सांगतंच. १९९८ मध्ये कुणीतरी चुकून एक आज्ञा चालवली आणि सर्व्हरवरून चित्रपटाच्या फायली भराभर पुसल्या जाऊ लागल्या. वुडीची टोपी गेली, बूट गेले, मग वुडीच गेला. यंत्रं बंद करेपर्यंत सुमारे नव्वद टक्के काम नाहीसं झालं होतं आणि बॅकअप नीट चालत नव्हता हे तेव्हाच कळलं. तांत्रिक विभागाच्या गॅलिन सुसमन बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत होती. तो संगणक ब्लँकेटात गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटवर पट्ट्याने बांधून स्टुडिओत आणला आणि चित्रपट वाचला.

गोष्ट झकास आहे आणि खरीही आहे. पण चित्रपट चालला त्याच्याशी तिचा काडीचा संबंध नाही. इतक्या शिताफीने वाचवलेलं ते काम पुढे काही महिन्यांत बहुतांशी बाद करण्यात आलं. बॅकअप तपासत चला, एवढाच तिचा धडा.

नेमकं बिघडलं काय होतं

'अ बग्ज लाइफ' नोव्हेंबर १९९८ मध्ये प्रदर्शित झाला आणि लॅसेटर मोकळे झाले. त्यांनी सीक्वेलची रीळं बसून पाहिली. विनोद होते, पाठलाग होते, पात्रं ओळखीची होती. पण गोष्टीत जीव नव्हता.

कारण सांगायला सोपं आहे. वुडी अँडीकडे परत जाणार हे पहिल्या मिनिटापासून सगळ्यांना माहीत होतं. संग्रहालयात जायचं की घरी, हा पेच पटकथेत होता, पण प्रेक्षकाच्या मनात नव्हता. ज्याचं नाव बुटाच्या तळव्यावर लिहिलंय त्या मुलाला सोडून वुडी एका काचेच्या पेटीत का म्हणून जाईल? मग मधली सगळी मिनिटं म्हणजे नुसती वाट पाहणं. हा वुडी कधी एकदा शुद्धीवर येतोय आणि आपण घरी जातोय!

सीक्वेलचा हा जन्मजात आजार आहे, आणि मुलांच्या सीक्वेलचा तर जास्तच. पहिल्या भागात नायकाचं काय होईल हे खरोखर ठाऊक नसतं. दुसऱ्या भागात प्रेक्षक आत येतानाच हे गृहीत धरून येतो, की ही मंडळी शेवटी एकत्र असणार. मुलांच्या चित्रपटात नायकाला मारता येत नाही आणि घरही मोडता येत नाही. बहुतेक जण मग धोका मोठा करतात. गावाऐवजी जग वाचवायचं, एका खलनायकाऐवजी तीन आणायचे, नवी पात्रं, नवे देश, नवी यंत्रं. आवाज वाढतो, पण शेवट तितकाच ठाऊक असतो.

लॅसेटर, स्टँटन, पीट डॉक्टर, जो रॅन्फ्ट आणि आणखी काही जण एकत्र बसले आणि एका शनिवार-रविवारच्या बैठकीत कथा पुन्हा उलगडून बांधली. दिग्दर्शन आता लॅसेटर यांच्याकडे आलं आणि ब्रॅनन व संकलक ली अंक्रिच सहदिग्दर्शक झाले. त्यांनी धोका मोठा केला नाही. त्यांनी वुडीला घरी न जाण्याचं सबळ कारण दिलं.

वीझी, जेसी आणि बुटाचा तळवा

दोन गोष्टी प्रामुख्याने आत आल्या. पहिली म्हणजे वीझी, शिट्टी बिघडलेला रबरी पेंग्विन. चित्रपटाच्या सुरुवातीला अँडीच्या हातून खेळता खेळता वुडीच्या खांद्याची शिवण उसवते. अँडी शिबिराला जातो, वुडीला घरीच ठेवतो, आणि अँडीची आई वुडीला उंच फळीवर ठेवून देते. तिथे पुस्तकांमागे धुळीत खोकत बसलेला वीझी त्याला भेटतो. त्याची शिट्टी कधीच बिघडली, दुरुस्त करू म्हणून सांगितलं गेलं, आणि तो तिथेच राहिला. अँडी दुष्ट नाही, आईही दुष्ट नाही. राहून गेलं, एवढंच. खिडकीबाहेर अंगणात जुन्या सामानाची विक्री लागलेली दिसते, आणि फळीपासून त्या टेबलापर्यंतचं अंतर किती कमी आहे हे वुडीला, आणि आपल्यालाही, पहिल्या काही मिनिटांतच कळतं.

ही मांडणी कमालीची काटकसरीची आहे. प्रेमळ घरातलं खेळणंसुद्धा टाकून दिलं जातं, ही शक्यता एका पेंग्विनने सिद्ध केली. त्यासाठी वेगळा खलनायक लागला नाही. पुढे वीझीला वाचवतानाच वुडी त्या विक्रीत सापडतो आणि अल नावाचा खेळण्यांचा दुकानदार त्याला उचलून नेतो. म्हणजे भीतीही तिथूनच आली आणि कथानकाची किल्लीही.

दुसरी गोष्ट म्हणजे जेसीची हकिकत. वुडीबरोबरच्या संचातली ही मुलगी सुरुवातीला नुसती उड्या मारणारी, वुडीला सापडलेलं पाहून आनंदाने वेडी झालेली. खोक्यात परत जायचं म्हटलं, की तिचा श्वास कोंडतो. आपण हसतो, कारण अजून आपल्याला कारण माहीत नाही. मग खिडकीशी बसून ती आपल्या पूर्वीच्या मालकिणीची, एमिलीची, गोष्ट सांगते. साधारण तीन मिनिटांचं गाणं, रँडी न्यूमन यांचं, साराह मॅक्लॉक्लनच्या आवाजात. त्यात संवाद नाही. ऊन सांडलेली मुलीची खोली, झाडाखालचा खेळ, घोडेस्वारीचं वेड. मग जेसी पलंगाखाली पडते. पलंगाखालूनच आपल्याला एमिलीची वर्षं दिसतात: खोलीतल्या वस्तू बदलतात, मैत्रिणी येतात, नखांना रंग लागतो. एक दिवस तो हात पलंगाखाली येतो आणि जेसीला बाहेर काढतो. जेसीचा चेहरा उजळतो. गाडीतून, त्याच रस्त्याने, त्याच झाडापाशी नेलं जातं. आणि तिथे ती दानाच्या खोक्यात पडते. खोक्याच्या फटीतून ती लांब जाणारी गाडी पाहते.

त्या पलंगाखालच्या कॅमेऱ्याकडे नीट पाहिलं पाहिजे. मूल मोठं होताना खेळण्याला ते कसं दिसेल, तर फक्त पाय, कडा आणि आवाज. एमिलीचं काही चुकलेलं दाखवलेलं नाही. ती मोठी झाली, बस. वीझीच्या प्रसंगात भीती अपघाताची होती: शिवण उसवली तर? जेसीच्या गोष्टीत भीती अटळ होते: काहीही बिघडलं नाही तरी?

यानंतर त्याच संचातला पेटीबंद बाहुला, म्हातारा खाणकामगार पीट, वुडीला विचारतो, की अँडी तुला कॉलेजला बरोबर नेणार आहे का, हनिमूनला नेणार आहे का. या प्रश्नाला उत्तर नाही. सीक्वेलमध्ये प्रतिपक्षाचं म्हणणं खरं असणं किती उपयोगी पडतं याचा हा नमुना आहे. पीट शेवटी लबाड निघतो, पण त्याचा प्रश्न खोटा ठरत नाही. आता वुडी संग्रहालयात जातो म्हणाला, तर ते मूर्खपणाचं वाटत नाही. उलट घरी चल म्हणणाऱ्या बझचीच बाजू क्षणभर पातळ वाटते. शेवट तोच राहिला, पण त्याला आता किंमत आली.

मुलांसाठी हेच सगळं एका वस्तूत उतरवलंय. अलने बोलावलेला म्हातारा कारागीर वुडीचा हात शिवतो, गाल रंगवतो, डोळे पुसतो. दृश्य इतकं नाजूक आणि सुखद आहे, की पाहणारा गुंगून जातो. त्याच हातांनी तो बुटाच्या तळव्यावरचं अँडीचं नाव रंगाने झाकून टाकतो. दुरुस्ती आणि पुसून टाकणं एकाच कुंचल्याने. पुढे वुडीचं मन पालटतं तेव्हा तो लांबलचक भाषण करत बसत नाही, तळव्यावरचा रंग खरवडतो आणि खालची अक्षरं पुन्हा दिसू लागतात. पाच वर्षांच्या मुलाला कॉलेज, हनिमून, नश्वरता यातलं काही कळायची गरज नाही. नाव झाकलं, नाव उघडलं, एवढं त्याला पुरतं. शेजारी बसलेल्या आईला किंवा बापाला एमिलीच्या जागी आपलं मूल दिसत असतं. दोघं एकाच वेळी रडतात आणि दोघांची कारणं वेगळी असतात. कौटुंबिक चित्रपटात मोठ्यांसाठी अधूनमधून चावट विनोद पेरायचे, ही सोपी वाट इथे घ्यावी लागलेली नाही.

ओळखीचं, पण उलटं

मुलं सीक्वेलला येतात ती ओळखीचं पाहायला. ते नाकारून चालत नाही. सगळंच नवं केलं तर मूल विचारतं, आपला बझ कुठाय?

या चित्रपटाने जुनं सगळं दिलं, पण बाजू फिरवून. पहिल्या भागात वुडीने बझला सोडवलं, इथे बझ वुडीला सोडवायला निघतो. पहिल्या भागात आपण खेळणं आहोत हे बझला पटत नव्हतं आणि वुडी डोकं आपटत होता. इथे अलच्या दुकानात खोक्यांच्या रांगेतून एक कोरा बझ बाहेर येतो, तितकाच भ्रमात, आणि आपल्या बझला त्याच्याकडे पाहून वाटतं, मी असा होतो? विनोद तोच, पण तो भोगणारा माणूस बदलला. शिवाय पहिल्या भागात वुडीला दुसऱ्या खेळण्याचा मत्सर वाटत होता: अँडीचा लाडका कोण? ती भीती मिटलेली आहे आणि पुन्हा उकरून काढलेली नाही. प्रश्न एक पायरी पुढे गेलाय: लाडका असूनही, पुढे काय?

माझ्या मते सगळं यश या एका पायरीत आहे. पहिल्या चित्रपटात हा प्रश्न दडलेला होताच. मुलाचं खेळणं म्हटलं, की मूल मोठं होणं आलंच. तेव्हा तो विचारायला जागा नव्हती, कारण मत्सराची गोष्ट सांगून व्हायची होती. सीक्वेलसाठी नवी कल्पना शोधण्यापेक्षा पहिल्या भागात कोणता प्रश्न टाळला गेला, हे शोधणं जास्त फळतं.

किंमत

नऊ महिने. या दंतकथेची ही बाजू लोक चटकन उरकतात.

कॅटमल यांनीच नोंदवलंय, की काम संपेपर्यंत सुमारे एक तृतीयांश लोकांना तेच ते काम सतत केल्याने हाताची दुखणी जडली होती. एका थकलेल्या कलाकाराने सकाळी तान्ह्या मुलाला पाळणाघरात सोडायचं होतं. तो विसरला. मूल तापलेल्या गाडीत राहिलं आणि काही तासांनी लक्षात आलं तेव्हा ते बेशुद्ध होतं. थंड पाण्याने त्याला शुद्धीवर आणलं आणि ते वाचलं. मुलांवरच्या प्रेमाचा चित्रपट बनवताना हे घडलं, याहून जास्त त्यावर काही लिहायची गरज नाही.

या अनुभवातून कॅटमल यांनी काढलेला निष्कर्ष खूप गाजला: चांगली कल्पना सामान्य चमूकडे दिली तर ते ती बिघडवतील, सामान्य कल्पना उत्तम चमूकडे दिली तर ते ती दुरुस्त करतील किंवा टाकून नवी आणतील. हे मला अर्धंच पटतं. पहिला चमू सामान्य होता की त्याला सामान्य काम करायला सांगितलं होतं? कॅसेटचं माप त्यांच्या हाती देणारे ते स्वतः नव्हते. अनुभवी मंडळी दुसऱ्या चित्रपटात होती, आणि रीळं वेळेवर पाहून स्पष्ट बोलणारं कुणी वर्षभर आसपास नव्हतं. दुसऱ्या चमूला तीच गोष्ट मिळाली, पण तिच्याबरोबर 'हे बाद करा' म्हणण्याचा अधिकारही मिळाला. तो अधिकार आधीच दिला असता तर नऊ महिन्यांची वेळच आली नसती.

आकडे आणि त्यांचा अर्थ

चित्रपट ठरल्या तारखेला, नोव्हेंबर १९९९ मध्ये, थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या आठवड्यात सर्वत्र लागला. निर्मितीखर्च सुमारे ९ कोटी डॉलर. अमेरिकेत सुमारे २४.५ कोटी आणि जगभरात ४८ कोटींहून अधिक डॉलर कमाई, म्हणजे पहिल्या भागापेक्षा बरीच जास्त, जे ॲनिमेशनच्या सीक्वेलच्या बाबतीत तोवर घडलेलं नव्हतं. जानेवारी २००० मध्ये संगीत वा विनोदी गटातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा गोल्डन ग्लोब त्याला मिळाला. जेसीच्या गाण्याला ऑस्करचं नामांकन होतं.

यातलं सगळंच श्रेय पटकथेच्या दुरुस्तीला देता येणार नाही. मधल्या चार वर्षांत पहिल्या भागाच्या कॅसेट घरोघरी पोहोचल्या होत्या. १९९५ मध्ये थिएटरात न गेलेली मुलंही वुडीला ओळखत होती. वुडी आणि बझला आवाज देणारे टॉम हँक्स आणि टिम ॲलन दोघंही परत आले, त्यामुळे कॅसेटवरच्या सीक्वेलमध्ये जाणवणारी आवाजाची तूट इथे नव्हती. अंतरही योग्य पडलं. सहा वर्षांचं मूल दहा वर्षांचं झालं होतं, म्हणजे अजून खेळण्यांपासून पुरतं सुटलेलं नव्हतं आणि सुटायची चाहूल मात्र लागली होती. मोसम सुट्टीचा होता. नाकारलेली आवृत्ती लावली असती तरी पहिल्या आठवड्यात गर्दी झालीच असती असं मला वाटतं. डिस्नेचे अधिकारी 'ठीक आहे' म्हणत होते ते धंद्याच्या दृष्टीने अगदीच वेडेपणाचं नव्हतं. फरक पडला असता तो पुढे.

हा पुढचा भाग महत्त्वाचा आहे. १९९७ च्या करारानुसार पिक्सारने डिस्नेला पाच चित्रपट द्यायचे होते आणि त्यात सीक्वेल मोजायचे नव्हते. म्हणजे इतकं रक्त आटवून केलेला 'टॉय स्टोरी २' हिशेबात धरलाच गेला नाही. त्यावरून जे बिनसलं ते वाढत गेलं, २००४ मध्ये बोलणी तुटली, आणि पिक्सारला वगळून तिसरा भाग काढण्यासाठी डिस्नेने वेगळा स्टुडिओही उभा केला. २००६ मध्ये डिस्नेने ७४० कोटी डॉलरना पिक्सारच विकत घेतलं आणि तो स्टुडिओ बंद झाला. तिसरा भाग शेवटी पिक्सारनेच केला. २०१० मध्ये आलेल्या त्या चित्रपटाचं दिग्दर्शन ली अंक्रिचने केलं. अँडी सतरा वर्षांचा झालाय, कॉलेजला निघालाय. पीटने अकरा वर्षांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाचीच ती गोष्ट आहे. कमाई शंभर कोटी डॉलरच्या वर गेली. दुसरा भाग नुसताच ठीक असता, तर तिसऱ्या भागाला विचारायला काही उरलं नसतं.

उलटा पुरावाही त्याच घरात आहे. २०२२ मध्ये 'लाइटइयर' आला. अँडीने १९९५ मध्ये जो चित्रपट पाहून बझचं खेळणं मागितलं तो हा, अशी त्याची मांडणी. खर्च सुमारे २० कोटी डॉलर, जगभरातली कमाई सुमारे २२.६ कोटी, म्हणजे थिएटरांचा वाटा आणि जाहिराती धरल्या तर तोटाच. कारणं अनेक सांगितली गेली: साथीनंतर घरी बसून पाहायची लागलेली सवय, काही देशांत न मिळालेली परवानगी, बझला टिम ॲलनऐवजी ख्रिस एव्हान्सचा आवाज. ती असतीलही. पण पात्र तेच, अवकाशयान मोठं, ॲनिमेशन आधीच्या कुठल्याही भागापेक्षा देखणं, आणि यातला बझ खेळणं नाही, खराखुरा अंतराळवीर आहे. त्याला कुणी फळीवर ठेवू शकत नाही, पलंगाखाली विसरू शकत नाही, दानाच्या खोक्यात टाकू शकत नाही. बैठकीच्या त्या शनिवार-रविवारी ज्या भीतीवर सगळा चित्रपट पुन्हा उभा केला गेला, ती या बझला लागूच होत नव्हती.